हात चोळत बसली सुंद्रा

धामणखेड गावाच्या वेशीबाहेर, नदीच्या उतारावर, एक भला थोरला कडुलिंब होता. त्या लिंबाखाली लिंबाजी महाराज राहत. त्यांचे मूळ नाव काय, गाव कोणते, कुणालाच ठाऊक नव्हते. एखाद्याने खोदून खोदून विचारलेच, तर महाराज हसून म्हणत, "नावं ठेवायला तुम्ही आहात की एवढे!" शेवटी लोकांनीच हे नाव ठेवून दिले. एक धुनी, एक घोंगडे आणि पाण्याचा माठ, एवढाच त्यांचा संसार. कुणी रडत आला की त्याला धुनीपाशी बसवून घ्यायचे आणि त्याचे रडणे सरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

आज त्या महाराजांची जी हकिगत सांगायची आहे, ती ऐकताना डोळे कोरडे राहणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. चमत्कार आहे, मोठा आहे. पण चमत्कार झाला म्हणजे दुःख पळाले, असे समजून कुणी ऐकायला बसला असेल, तर त्याने खुशाल घरी जाऊन जेवून घ्यावे.

गावात केशवराजाचे देऊळ होते. काळ्याभोर शिळेची, पुरुषभर उंचीची चतुर्भुज मूर्ती. पूजेचा मान मुकुंदशास्त्र्यांच्या घराण्याकडे. शास्त्री मोठे विद्वान, आचाराचे कडक, आणि देवाला अभ्यंग घालावे तर त्यांनीच! रोज पहाटे नदीवर स्नान करून, सोवळे नेसून ते गाभाऱ्यात शिरत. चंदन-वाळा घालून केलेले तेल कोमट करत, त्याचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघत, आणि मग देवाच्या कपाळापासून पावलांपर्यंत हलक्या हाताने चोळत. बोटांची पेरेसुद्धा सोडत नसत. "दमलास ना रे देवा, रात्रभर उभाच होतास," असे पुटपुटत असत. ते अभ्यंग बघायला शेजारपाजारच्या गावांहून माणसे येत आणि डोळे पुसत परत जात. त्यात ढोंग नव्हते हो! शास्त्र्यांचे देवावर खरे प्रेम होते. घात झाला तो दुसरीकडेच.

घरात त्यांची म्हातारी आई होती. सारे गाव तिला माई म्हणे. अर्धांगवायूचा झटका येऊन माईंचे डावे अंग गेले होते. डोळ्यांना दिसत नव्हते म्हटले तरी चालेल. मागच्या पडवीत अंथरुणावर पडून असत. देवळातून आल्यावर शास्त्री पडवीच्या दाराशी उभे राहत आणि विचारत, "आई, बरं आहे ना?" माई म्हणत, "बरं आहे रे बाळा." संपले. जवळ जाणे नाही, हात लावणे नाही. हात लावला तर सोवळे मोडणार, मग पुन्हा स्नान, पुन्हा सगळे आले. दुपारी नैवेद्य असायचा, तिसऱ्या प्रहरी पुराण, संध्याकाळी धुपारती. आईला शिवायला मोकळा वेळ असा दिवसात नव्हताच. दगडाच्या पायांना रोज ऊन तेल लागत होते आणि जिच्या पोटी जन्म घेतला तिचे पाय गारठून पडले होते. मला सांगताना राग येतो, पण सांगितले पाहिजे.

शास्त्र्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, हे बघवत नव्हते. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक त्यांच्या गळ्यात, आणि माईंना कुशीवर वळवायला लागणारे बळ त्यांच्या अंगात नव्हते. म्हणून नवऱ्याला न सांगता त्यांनी सुंद्राबाईला बोलावले.

सुंद्राबाई म्हणजे गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी बाई. अंगाने काटकुळी, वय पन्नाशीकडे झुकलेले, मागे-पुढे कुणी नाही. शास्त्री देवळात गेले की ती मागल्या दाराने यायची. करडईच्या तेलात लसूण आणि ओवा कढवून वाटी घेऊन यायची. माईंना कुशीवर वळवायची, पाठ, कंबर, दंड, पोटऱ्या, तळवे सगळे चोळायची. आखडलेले गुडघे हळूहळू सैल करायची. पोटावरून गोल हात फिरवायची. आणि तोंडाने सारखी बडबड चाललेली असायची, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची गाय व्याली.

हळूहळू फरक पडू लागला. माईंना झोप लागू लागली. पोट साफ होऊ लागले, दोन घास जास्त जाऊ लागले. पाठीची कातडी लाल होऊन फुटायच्या बेतात आली होती, ती निवळली. निर्जीव पायात मुंग्या आल्यासारखे वाटते, असे त्या एक दिवस सुनेला म्हणाल्या. फक्त डावी मूठ तेवढी घट्ट मिटलेली होती. बोटे तळहातात रुतून बसली होती, ती काही उघडत नव्हती. आणि माई घरातल्या कुणाजवळ बोलल्या नसतील एवढे सुंद्राजवळ बोलू लागल्या. माणसाच्या अंगाला माणसाचा हात लागला की त्याला आपण अजून आहोत असे वाटते. औषधाच्या पुडीत ते येत नाही.

आता सुंद्राची चूक ऐका. चूक कसली, भाबडेपणा! एके सकाळी अभ्यंग आटोपले. देवाच्या अंगावरून निथळलेले तेल पितळी ताटात साठले होते. मंडळी तीर्थ घ्यायला उभी होती. सुंद्रा पायरीखालूनच हात जोडून म्हणाली, "शास्त्रीबुवा, देवाच्या अंगावरचं तेल एवढं वाटीभर द्या. माईंची मूठ सुटंना झालीय, तिला लावते."

बोलून गेली आणि जीभ चावली. पण सांडले ते सांडले. सगळ्या मंडळींनी ऐकले. शास्त्र्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"माईंची मूठ? तू माझ्या घरात शिरतेस? तरीच! तरीच माझ्या घरात लसणाचा वास येतो!"

"माईंचा तरास बघवंना, म्हणून..."

"चार प्रहर बाळंतिणींच्या अंगावरून फिरणारे हात ते! तेच माझ्या आईला लावतेस? आणि वर देवाचं तेल मागतेस?" मग मंडळींकडे वळून शास्त्री हसले. "ऐका! तेल चोळून उद्धार होत असता, तर आपल्या गावातल्या म्हशी केव्हाच वैकुंठाला गेल्या असत्या!"

लोक खदाखदा हसले. लोकांचे काय, हसायला निमित्तच हवे असते. सुंद्रा पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"उद्यापासून माझ्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही," शास्त्री म्हणाले.

"न्हाई ओलांडत. पर मग माईंना कोण वळवंल?"

"आई माझी आहे. तिचं काय करायचं ते मी बघीन."

आणि त्यांनी बघितले, त्यांच्या परीने. वैद्याकडून उंची चाटण आणले. दाराशी उभे राहून विष्णुसहस्रनाम म्हणू लागले. घरात शुद्धी केली. यशोदाबाईंना असे काही बोलले की त्या बापडीने पुन्हा तोंड उघडले नाही. पण माईंच्या अंगाला हात कुणाचा लागला? कुणाचाच नाही.

माई झपाट्याने ढासळल्या. पाय पुन्हा आखडून पोटाशी गेले. झोप उडाली. पाठीची कातडी फुटली. तोंडाशी नेलेला घास बाहेर येऊ लागला. कुणीही पडवीत आले तरी त्या विचारायच्या, "सुंद्रा, आलीस का गं?" यशोदाबाई "मी आहे" म्हणाल्या की मान फिरवून घ्यायच्या. सुंद्रा रोज सकाळी मागल्या दाराशी येऊन, भिंतीला कान लावून तो कण्हण्याचा आवाज ऐकायची आणि परत जायची. शब्द दिला होता ना, उंबरा ओलांडणार नाही म्हणून!

अशात कार्तिकातला केशवराजाचा उत्सव आला. सारे गाव देवळात लोटले. यशोदाबाईंना पंगतीचा स्वयंपाक बघायला जाणे भाग होते. त्यांनी माईंच्या उशाशी पाण्याचा गडू ठेवला, बाहेरून कडी लावली आणि रडत रडत देवळात गेल्या. त्या आधी मागल्या दाराशी सुंद्रा तेलाची वाटी घेऊन उभीच होती. यशोदाबाई तिला म्हणाल्या, "आज नको गं बाई. आज कुणी पाहिलं तर ते मला घरात ठेवायचे नाहीत. आणि खरं सांगू? माईंचा आजचा दिवस निघेलसं मला वाटत नाही."

सुंद्रा तशीच वाटी घेऊन लिंबाखाली आली आणि महाराजांच्या धुनीपाशी मटकन बसली. चारपाच भाविक तिथे होते. महाराज रीतीप्रमाणे गप्प राहिले. तिचे रडणे काही सरेना. शेवटी तीच बोलली.

"महाराज, माझं लेकरू गेलं तवा..." तिने पदराने तोंड पुसले. "जलमलं अन् डोळं मिटलं. तिसऱ्या रोजी दूध उतरलं. छाती दगडावानी झाली, अंगात ताप. पर लेकरू गेलेल्या बाळंतिणीला कोण तेल लावतंय? अशुभ म्हणून दारात कुणी फिरकंना. तवा माई आल्या. एवढ्या सोवळ्याच्या बाई, पदर खोचला आन् मला मांडीवर घेऊन चोळलं. दूध पिळून काढलं. म्हनल्या, पोरी, लेकरू न्हाई पर तू बाळंतीण हायेस, तुझं अंग माझ्या लेकीचं अंग हाय. महिनाभर आल्या. हे हात म्या त्यांच्याकडून घेतले, महाराज. आन् आज त्या तिकडं पायाला गोळं येऊन वराडत असतील, आन् मी हितं नुसती हात चोळत बसलेय!"

महाराजांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मग चोळ."

"आं?"

"हात चोळत बसलीयेस म्हणतेस ना? मग नीट चोळ. वाटीत तेल आहे, धुनीवर कोमट कर. मनात माईंचं अंग धर आणि आपलेच हात चोळ. रोज जसं चोळतेस तसं. कुठे घाई करू नकोस."

बसलेल्यांतला एकजण फिसकन हसला. महाराजांनी त्याच्याकडे नुसते पाहिले, तो खाली मान घालून बसला.

सुंद्राने तेल कोमट केले. डोळे मिटून डाव्या हाताने उजवा आणि उजव्या हाताने डावा चोळू लागली. आधी सावकाश. मग तिच्या तोंडून रोजची बडबड सुरू झाली. "हं, माई, खांदा सैल सोडा. लई धरलाय. दुखतंय? दुखू द्या, आत्ता उतरंल. आता पाय. आगं बया, काय गार पडलेत! असं करू ने माई, जेवत जावा." ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. हात ती आपलेच चोळत होती, पण जोर असा लावत होती की समोर कुणी निजलेले असावे. महाराजही डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. दुपार कलली तरी दोघे जागचे हलले नाहीत. अखेर वाटी रिकामी झाली आणि सुंद्रा तिथेच मातीत आडवी झाली.

इकडे देवळात दुपारचा नैवेद्य झाला होता. देवाच्या विश्रांतीसाठी शास्त्र्यांनी गाभाऱ्याला कुलूप लावले होते. किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्या जानव्याला. पंगती उठल्या. ऊन उतरल्यावर दार उघडायला शास्त्री गेले, मागे वाजंत्री, मागे गाव. कुलूप काढले, दार लोटले आणि शास्त्री दोन पावले मागे सरले.

गाभाऱ्यातून लसणाचा भपकारा आला!

ज्या गाभाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या कांदा-लसूण खाल्लेला माणूससुद्धा शिरला नव्हता, तिथे कढवलेल्या लसणाचा आणि ओव्याचा वास कोंडला होता. समईच्या उजेडात शास्त्र्यांनी पाहिले. केशवराजाचे चारही हात मनगटापर्यंत तेलाने माखलेले! बोटांवरून थेंब ओघळत होते. बाकी मूर्ती सकाळी होती तशी कोरडी, पुसलेली.

"भ्रष्ट केला! माझा देव भ्रष्ट केला!" शास्त्री ओरडले. "त्या बाईचंच काम हे. तिचंच तेल आहे. कुठे आहे ती?"

उत्सवाच्या दिवशी देव बाटला म्हटल्यावर लोक खवळणार नाहीत तर काय! ती लिंबाखाली आहे, असे कुणीतरी सांगितले आणि सगळा जमाव वेशीबाहेर निघाला. सुंद्रा धुनीपाशी पडलेली दिसली, शेजारी रिकामी वाटी. शास्त्र्यांचा तोल सुटला. "ऊठ! गाभाऱ्यात कशी शिरलीस ते सांग. माझ्यावरचा राग देवावर काढलास?"

सुंद्राला काही कळेना. ती उठून बसली आणि महाराजांकडे बघू लागली.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, ती सकाळपासून इथून हललेली नाही. हे चारपाच जण साक्षीला आहेत. गाभाऱ्याला कुलूप होतं का?"

"होतं."

"किल्ली कुठे होती?"

शास्त्र्यांचा हात आपसूक जानव्याकडे गेला. किल्ली तिथेच होती.

तेवढ्यात गावाकडून यशोदाबाई धावत येताना दिसल्या. डोक्यावरचा पदर ढळलेला, धाप लागलेली. लोकांना वाटले, माई गेल्या. शास्त्र्यांनाही तेच वाटले. त्यांच्या तोंडून "आई" एवढाच शब्द निघाला.

"अहो, चला घरी," यशोदाबाई म्हणाल्या. "मी आत्ता कडी काढून आत गेले तर माई सरळ पाय करून निजल्यात. अंग ऊन, तेलानं चकचकतंय सगळं. माझी चाहूल लागली तशा हसल्या हो, हसल्या! मला म्हणाल्या, सुंद्रा येऊन गेली. आणि म्हणाल्या, आज तिच्याबरोबर दुसरी कोण होती गं? मी म्हटलं, कुणी नाही माई, दाराला तर कडी होती. तर म्हणतात, असं कसं? एकाच वेळी माझे खांदे चोळत होती आणि पायही चोळत होती. दोन हातांचं काम नव्हे ते. चार हात लागले माझ्या अंगाला. आणि अहो, त्यांची डावी मूठ उघडलीय."

शास्त्री एकदा बायकोकडे, एकदा सुंद्राच्या तेलकट हातांकडे बघत राहिले. मग ते धुनीपुढच्या राखेत बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

"महाराज, देवाला मी रोज तेल लावलं, आणि तो माझ्या आईला लावायला गेला! माझ्यामुळे त्याला जावं लागलं!" असे म्हणत त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके टेकायला हात पुढे केले.

महाराजांनी पाय आखडून घेतले. त्यांचा आवाज करडा नव्हता, थकलेला होता. "इथे नको, शास्त्रीबुवा. ज्या पायांवर डोकं ठेवायचं ते पडवीत आहेत. फार दिवस राहायचे नाहीत. पळा."

शास्त्री पळाले. भर उत्सवात, सोवळ्यानिशी, गावातून पळत गेले. मागोमाग यशोदाबाई आणि सुंद्रा. दाराशी सुंद्रा थबकली, तशी शास्त्री वळून म्हणाले, "ये ना गं आत. तुझंच घर आहे." मग ते पडवीत शिरले आणि उंबऱ्याशी न थांबता अंथरुणापाशी जाऊन बसले. आईचे पाय हातात घेतले. कसे धरायचे तेही त्या हातांना समजेना. देवाच्या पायांची त्यांना सवय होती, पण हे पाय मऊ होते, हाडकुळे होते, टाचांना भेगा होत्या.

माई दचकल्या. "कोण? सुंद्रा नव्हेस तू. कुणाचे हात हे?"

"मी, आई. मुकुंदा."

आणि मंडळी, त्या माउलीने काय केले असेल? झटकन पाय मागे ओढायला बघितले. लुळा पाय, तो कुठला ओढला जातोय! घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "अरे, शिवू नकोस बाळा! आज उत्सव ना? सोवळं मोडेल तुझं."

"मोडू दे आई," एवढेच शास्त्री म्हणू शकले. त्यांनी त्या दोन पावलांवर कपाळ ठेवले. माईंनी उघडलेला डावा हात उचलू बघितला, पण तो त्यांच्या डोक्यापर्यंत काही पोहोचला नाही. सुंद्राने तो उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, माई उठल्या, चालू लागल्या, केशवराजाला प्रदक्षिणा घालू लागल्या. नाही. मी आधीच सांगितले होते. माई अंथरुणावरून उठल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रोज पहाटे शास्त्री आधी पडवीत जात, आईला तेल लावत, मग स्नान करून देवळात. पहिल्यांदा फार जोर लावत, माई "अरे हळू, मी काही दगडाची नाही" म्हणत. सुंद्रा शेजारी बसून सांगे, "शास्त्रीबुवा, बोटं न्हाई, पुरा तळवा टेकवा. शिरंच्या वाटंनं काळजाकडं चला." पाठीच्या जखमेला तेवढा ती हात लावू द्यायची नाही, आजूबाजूनेच फिरवा म्हणायची. माई पुन्हा झोपू लागल्या, दोन घास खाऊ लागल्या. मायलेक बोलू लागले. लहानपणी मुकुंदा अंगाला तेल लावू देत नसे, निसटून अंगणात पळे, हेही तेव्हाच निघाले. दोघे हसत आणि मग शास्त्री तोंड फिरवून डोळे पुसत. एवढी वर्षे हातात होती आणि हे दिवस मिळाले ते थोडेच, हे त्यांना कळत होते. तीच तर त्यांची शिक्षा होती.

थंडी वाढली आणि एका पहाटे माईंच्या पायांना ऊब धरेना. शास्त्री चोळत होते. पाऊल ऊन व्हायचे, त्यांनी हात पोटरीकडे नेला की मागे गार पडायचे. मग ते परत पावलाकडे यायचे. त्यांनी तेल आणखी कोमट केले, आणखी जोराने चोळले. तिकडे देवळात काकड्याची वेळ उलटून गेली, घंटा वाजवून लोक थकले. शास्त्री चोळतच होते. "आई, आत्ता ऊन होतील हं, आत्ता होतील." सुंद्राने माईंच्या नाकाशी बोटे धरून पाहिले. मग तिने आपला हात शास्त्र्यांच्या हातावर ठेवला.

"शास्त्रीबुवा, पुरं करा आता," ती म्हणाली.

तरी त्यांचे हात थांबेनात. तिला ते धरून थांबवावे लागले.

बातमी कळली तसे गाव अंगणात गोळा झाले. लिंबाजी महाराज कधी कुणाच्या घरी जात नसत, ते आले आणि पडवीच्या पायरीवर बसून राहिले. त्यांच्या दाढीतून पाणी गळत होते. संतांना रडू येत नाही असे कुणी सांगितले? तेवढ्यात शास्त्री बाहेर आले. देवळात म्हशींचा विनोद ऐकून जे जे हसले होते ते सगळे तिथे उभे होते. त्या सगळ्यांदेखत त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सुंद्रापुढे साष्टांग नमस्कार घातला.

"मला क्षमा कर," ते म्हणाले. "माझ्या आईची लेक तू होतीस. मी नुसता पुजारी राहिलो."

सुंद्राने पाय पोटाशी ओढून घेतले. तिचे डोळे सुजले होते.

"पाया नका पडू, दादा," ती म्हणाली. "मला रडू द्या. माझी माय गेलीय."

शास्त्री उठले नाहीत. तिथेच, तिच्या पायाशी मातीत बसले, आणि मग दोघेही रडू लागले.